झोपेत अडणारा श्वास आणि नाकावरचा मास्क: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

१५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, आणि तोवर छातीच्या डॉक्टरांपुरतं असलेलं हे नाव बातम्यांमधून घराघरांत पोहोचलं. घोरणाऱ्याची थट्टा करणं हा आपल्याकडचा जुना विरंगुळा. प्रवासात, लग्नघरात, हॉस्टेलवर कुणीतरी एक ‘इंजिन’ असतोच. पण त्या घोरण्याच्या मधोमध अचानक सगळं शांत होतं, छाती हलत राहते, श्वास मात्र आत जात नाही, आणि मग मोठा फुरका मारून माणूस पुन्हा श्वास घेतो. हे शेजारी झोपणाऱ्या बायकोने कितीदा पाहिलेलं असतं, आणि पाहून ती किती रात्री जागी राहिलेली असते!

या आजारात घडतं ते असं. घशाचा मागचा भाग स्नायूंचा, मऊ. त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी हे स्नायू ताठ असतात म्हणून वाट उघडी राहते. झोपेत ते सैलावतात, जीभ आणि पडजीभ मागे सरकतात, आणि ज्याची वाट मुळातच अरुंद आहे त्याची ती पूर्ण मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा बंद राहिली की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायू आवळतो, वाट उघडते, माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे असतील तर ठीक, तीसच्या पुढे गेले तर आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा झोप मोडते. असा माणूस आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतो, चिडतो, गोष्टी विसरतो, आणि त्याचं ब्लडप्रेशर गोळ्या घेऊनही नीट आटोक्यात येत नाही.

डॉक्टरांच्या नजरेतून हे पूर्णपणे सुटलं होतं असंही नाही. १८७७ साली लंडनच्या विल्यम ब्रॉडबेंट यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जवळजवळ हेच लिहून ठेवलं होतं: उताणं झोपून मोठ्याने घोरणारा, विशेषतः वयस्कर माणूस मध्येच दोन-चार श्वासांपुरता पूर्ण शांत होतो, छाती व्यर्थ धडपडते, आणि शेवटी मोठ्या आवाजासरशी हवा आत शिरते. निरीक्षण अचूक होतं. तरी पुढची जवळपास नव्वद वर्षं त्याचं काही झालं नाही. कारण रुग्ण दवाखान्यात यायचा दिवसा, आणि आजार दिसायचा रात्री.

दिवसा दिसायचा तो जाडजूड, पेंगुळलेला माणूस. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ नोकर पोरगा आहे, उभ्या उभ्या झोपणारा. १९५६ मध्ये अमेरिकेत सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयातल्या अशाच एका रुग्णाची हकीकत छापली आणि आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. हा रुग्ण रुग्णालयात का आला ते वाचण्यासारखं आहे. पत्त्यांच्या डावात त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले होते, हमखास जिंकणारे पत्ते, आणि बोली लावायच्या आतच त्याला झोप लागली. असे पत्ते हातात असताना झोप लागते म्हणजे हा आळस नव्हे, आजारच आहे, हे त्याला स्वतःलाही तेव्हाच पटलं.

बरवेल यांचं निदान मात्र अर्धं होतं. लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याची गुंगी येते, असं त्यांनी मांडलं. आहार कमी केल्यावर वजन उतरलं आणि रुग्ण सुधारलाही, त्यामुळे शंका घ्यायचं कारण उरलं नाही. रात्रभर जागून त्याच्या उशाशी कुणी बसलं नव्हतं. त्या काळापासून ‘हा जाड्या माणसांचा आजार’ ही समजूत जी घट्ट बसली ती अजून हललेली नाही, आणि तिने फार नुकसान केलं आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे जबडा लहान, गळा आखूड असलेली, वजनाने बेताची माणसंही या आजाराने त्रस्त असतात. ती वर्षानुवर्षं थायरॉइड तपासत, टॉनिक घेत राहतात.

खरा उलगडा १९६५ मध्ये झाला. फ्रान्समध्ये मार्सेल इथे हेन्री गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत युंग आणि कुलो यांनी, अशा रुग्णांच्या झोपेचा आलेख काढला. मेंदूच्या लहरींबरोबर श्वासही नोंदवला, आणि कागदावर श्वासाची रेघ पुन्हापुन्हा सपाट होताना दिसली. दिवसाची पेंग ही रात्रीच्या तुटक्या झोपेची थकबाकी होती. इटलीत बोलोन्याच्या एलिओ लुगारेसी यांनी या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डिमेंट यांच्या झोपेच्या क्लिनिकमध्ये १९७२ साली क्रिस्तियान गिय्यमिनो रुजू झाले. १९७६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं आणि लठ्ठ नसलेल्यांनाही तो होतो हे ठासून सांगितलं. आजची स्लीप स्टडी ही त्याच खोल्यांमधून आलेली: डोक्याला चिकटवलेल्या वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी आणि बोटाला तो चिमटा, जो कोरोनाने आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा केला.

आजार कळला, पण उपाय भयंकर होता. घसा बंद होतो ना, मग त्याच्या खालीच श्वासनलिकेला भोक पाडायचं. १९६९ मध्ये कुलो यांनी या रुग्णांवर ट्रॅकिओस्टॉमी केल्याचं प्रसिद्ध झालं आणि पुढची दहा-बारा वर्षं तीव्र आजारावर तोच एक खात्रीचा इलाज होता. दिवसा गळ्यातल्या नळीला बूच लावायचं म्हणजे बोलता येतं. रात्री बूच काढून झोपायचं. पोहणं बंद, अंघोळ जपून, जंतुसंसर्गाची भीती कायमची. आज झोपेत सतत दाबाची हवा देणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सी-पॅपच्या मास्कला कंटाळलेल्या माणसाने या पिढीची आठवण जरूर ठेवावी, पण ती त्याला गप्प करण्यासाठी कुणी वापरू नये.

यानंतर नाव येतं ते ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांचं. टोरांटोमध्ये त्यांनी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनावर संशोधन केलं होतं आणि सिडनीला परतल्यावर ते ॲप्नियाच्या रुग्णांकडे वळले. हवेच्या दाबाने श्वासाला मदत करायची कल्पना नवी नव्हती. १९३६ मध्ये लंडनच्या पोल्टन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरने दाबाची हवा देऊन हृदयविकाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसात साठलेल्या पाण्यावर उपचार केले होते. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असाच सततचा दाब देऊन जगवलं होतं. सलिव्हन यांनी तो दाब घशासाठी वापरला. बागेतला रबरी पाइप रिकामा असताना चपटा पडतो आणि पाणी सुरू झालं की गोल होतो, तसा घसा आतून हवेने उघडा ठेवायचा. ऑक्सिजन नाही, औषध नाही, खोलीतलीच हवा.

जून १९८० मध्ये रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात एक रुग्ण आला. त्याला ट्रॅकिओस्टॉमी सांगितली होती आणि ती त्याला नको होती; एक रात्र हा प्रयोग करून बघायला तो तयार झाला. दाब हळूहळू वाढवत नेला, आणि एका टप्प्यावर अडथळे थांबले. दाब कमी केला की परत सुरू, वाढवला की बंद. सकाळी तो माणूस कित्येक वर्षांत पहिल्यांदा ताजातवाना उठला. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा निबंध आला, साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब पुरला होता. वैद्यकशास्त्रात एखाद्या तीव्र आजारावर एका रात्रीत असा उतारा पडल्याची उदाहरणं फार नाहीत.

आणि नेमकी तिथूनच मास्कची गोष्ट सुरू होते. पहिल्या रुग्णांच्या नाकपुड्यांत मऊ नळ्या बसवून भोवतीची फट सिलिकोनने बुजवली होती. यंत्र घरी न्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून फायबरग्लासचा मास्क बनवला जाई, आणि रुग्ण तो रोज रात्री चेहऱ्याला चिकटवून, सकाळी सोलून काढत असे. सोबत मोटरची घरघर. अमेरिकेत १९८५ च्या सुमारास विक्रीची यंत्रं आली. सिडनीतल्या कामातून १९८९ मध्ये पीटर फॅरेल यांच्या पुढाकाराने जी कंपनी उभी राहिली ती आजची रेसमेड. डिंक गेला, पट्टे आले. मऊ सिलिकोनच्या कडा, नाकपुडीत बसणाऱ्या उशा, तोंडाने श्वास घेणाऱ्यांसाठी नाक-तोंड झाकणारे मास्क, घसा सुकू नये म्हणून पाण्याची टाकी, गरजेनुसार स्वतःच दाब बदलणारी यंत्रं आली.

तरीही माणसं मास्क काढून टाकत होती. १९९३ मध्ये अमेरिकेत यंत्रांमध्ये गुपचूप मोजणी बसवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर कमी निघाला, आणि ७० टक्के दिवस किमान चार तास वापरणारे निम्म्याहून कमी. हा चार तासांचा आकडा पुढे अमेरिकेच्या विमा यंत्रणेने निकष म्हणून उचलला आणि यंत्रं रोजची हजेरी कळवू लागली. २०१६ मध्ये सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ रुग्ण होते. मास्कमुळे त्यांची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, पण हृदयाचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. या निकालावर वाद अजून चालू आहे. मला त्यातला वापराचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. संशोधक पाठीशी असतानाही लोकांना अर्धी रात्रसुद्धा मास्क सहन होत नव्हता.

माझ्या घरी हे यंत्र रोज रात्री चालतं, म्हणून हे आकडे मला परके वाटत नाहीत. “घुसमटायला होतं”, “हवा डोळ्यांत जाते”, “मिशीतून लीक होतो”, “रात्री कधी काढून टाकला कळलंच नाही” ही वाक्यं या आजाराच्या प्रत्येक घरात बोलली जातात. एसीच्या गारव्यात नळीत पाणी साचून नाकाशी गुडगुड होते. लाईट गेली की यंत्र बंद पडतं आणि घुसमटून जाग येते. लोक म्हणतात, “सवय कर, जिद्द ठेव.” जिद्द लागतेच. पण मास्क न सोसणं हा रुग्णाचा हट्ट नव्हे, तो या उपचाराच्या जन्मापासून त्याला चिकटून आलेला प्रश्न आहे. हवेचं गणित पहिल्याच रात्री सुटलं होतं. चेहऱ्याचं चाळीस वर्षं सोडवणं चालू आहे.

आवाजाचंही तसंच. घरघर कमी करण्यासाठी यंत्रांत फोम बसवला गेला, आणि फिलिप्सच्या यंत्रांतला हाच फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाऊ शकतात असं आढळलं. जून २०२१ मध्ये कंपनीने जगभरातली लाखो यंत्रं परत मागवली. मोठ्या मुश्किलीने सवय लागलेल्या माणसांपुढे प्रश्न उभा राहिला, की आज रात्री यंत्र लावायचं की श्वास अडू द्यायचा? बदली यंत्रासाठी अनेकांना कित्येक महिने थांबावं लागलं.

आपल्याकडे हा आजार किती आहे याचा अंदाज मुंबईनेच दिला. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या २५० शहरी पुरुषांची घरीच झोप तपासली. १९.५ टक्के पुरुषांच्या श्वासात बिघाड होता, आणि दिवसा पेंग येण्यासह पूर्ण आजार ७.५ टक्के पुरुषांना होता. १९९३ च्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन अभ्यासात हे आकडे पुरुषांमध्ये २४ आणि ४ टक्के होते. म्हणजे हा पाश्चात्त्यांचा, श्रीमंतांचा आजार नव्हता. बायकांचं निदान मात्र अजून मागे आहे. घोरते हे सांगायला बाईला लाज वाटते, आणि तिचा थकवा घरकामाच्या खात्यावर जमा होतो.

मास्कला पर्याय येत आहेत. खालचा जबडा पुढे ओढून धरणारी दातांवरची पट्टी आहे. जिभेच्या नसेला झोपेत उत्तेजना देणारं शरीरात बसवायचं यंत्र अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपाटाइड हे पहिलं औषध तिथे मान्य झालं. तीव्र आजारात पहिला सल्ला तरीही सी-पॅपचाच असतो. तो मिळालेल्याने दुकानात बसून आरशासमोर मास्क निवडू नये. आडवं व्हावं, यंत्र आपल्याला सांगितलेल्या दाबावर चालू करायला लावावं, कुशीवर वळून बघावं, पट्टे त्या स्थितीत जुळवून घ्यावेत, आणि न जमल्यास मास्क बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारावं.