पेटी कंत्राटदाराकडे काम करता? बांधकाम कामगार नोंदणी अशी करा

कांदिवलीच्या नाक्यावर सकाळी फॉर्म भरायला बसलं की निम्मे लोक एकच विचारतात: "मालकाचं नाव काय लिहायचं?" बिल्डरने काम मोठ्या कंत्राटदाराला दिलेलं, त्याने सेंट्रिंगचं (स्लॅबच्या साच्याचं) काम पेटी कंत्राटदाराला, म्हणजे हाताखालच्या छोट्या कंत्राटदाराला, आणि त्याला माणसं पुरवली मुकादमाने. रोजची मजुरी मिळते ती मुकादमाच्या हातून.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय 18 ते 60 लागतं आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेलं असावं लागतं. गवंडी, बिगारी, सळई बांधणारे, रंगारी, प्लंबर सगळे यात येतात. हे 90 दिवस सलग किंवा एकाच साइटवरचे असायला हवेत असं नाही.

आधार कार्ड, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, बँक पासबुक, फोटो आणि 90 दिवस काम केल्याचं, काम देणाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र जोडून अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा. मूळ कागद तपासणीला सोबत न्या. शुल्क फक्त 1 रुपया आहे, त्यामुळे हजार-पाचशे मागणाऱ्या एजंटाला सरळ नाही म्हणा.

खरं घोडं अडतं ते प्रमाणपत्रावर. पेटी कंत्राटदार सही टाळतो, कारण सही केली की माणूस आपला ठरतो. अशा वेळी वर चढा: मुख्य कंत्राटदार, मग बिल्डर. नाक्यावर उभं राहून रोजचं काम मिळवणाऱ्या नाका कामगारांना महापालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडूनही हे प्रमाणपत्र घेता येतं. आणि कुणाचे उपकार मागतोय असं मनात आणू नका. 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर बसवला तो तुमच्यासाठीच.

आमच्या ओळखीचा एक शटरिंगवाला परांचीवरून पडला. पेटी कंत्राटदार म्हणाला, "हा आमचा माणूसच नाही." पडलेल्या माणसाच्या डब्याच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं हजेरी कार्ड होतं, चार महिन्यांच्या सह्यांचं. त्या कार्डापुढे कंत्राटदाराचं काही चाललं नाही. म्हणून हजेरीचा फोटो दर शनिवारी मोबाइलमध्ये काढून घरच्यांना पाठवा. साइटचं नाव आणि बाहेरच्या फलकावरचं बिल्डरचं नावही त्यात येऊ द्या.

नोंदणी चालू असताना कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला मंडळाकडून 5 लाख रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि मृत्यू कामावरच झाल्याचा पुरावा लागतो, तेव्हा पोलीस पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय साइट सोडू नका. मालकाकडून मिळायची नुकसानभरपाई वेगळी. माणूस पेटी कंत्राटदाराचा असला तरी ती मुख्य मालकाकडे, म्हणजे ज्याने पेटी कंत्राटदाराला काम दिलं त्याच्याकडे, मागता येते, हे 1923 च्या भरपाई कायद्यापासून चालत आलं आहे. "मंडळाचे पैसे मिळाले ना" असं सांगून कोणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर देऊ नका.

नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि तेव्हाही 90 दिवस दाखवावे लागतात.