पुरवठादार-सहभाग (नवीन उत्पादनाच्या विकासातील)

कारखानदारी संस्थेने नवे उत्पादन आखताना सुटे भाग, जुळण्या किंवा सामग्री पुरवणाऱ्या बाहेरच्या संस्थांना रचनेच्या कामात सामील करून घेण्याची पद्धत. ठरलेल्या ड्रॉइंगबरहुकूम माल बनवून घेणे यात मोडत नाही. भाग कसा असावा हे ठरण्याआधी किंवा ठरत असताना पुरवठादाराचे अभियंते चर्चेत असणे, हे या पद्धतीचे लक्षण होय. तिचा सर्वांत विस्तृत अभ्यास मोटारउद्योगात झाला असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्या उद्योगाला धरून आहे.

प्रकार : जपानी अर्थशास्त्रज्ञ असानुमा बानरी यांनी १९८० च्या दशकात केलेली वर्गवारी आजही पायाभूत मानली जाते. ड्रॉइंग कोण काढतो आणि त्याची जबाबदारी कोणावर राहते, हा तिचा निकष. एका टोकाला ‘पुरवलेले ड्रॉइंग’ : मोटार कंपनी प्रत्येक माप ठरवून देते, पुरवठादार फक्त बनवतो. दुसऱ्या टोकाला बाजारात तयार मिळणारा, पुरवठादाराने स्वतःच्या हिमतीवर आखलेला माल. या दोहोंमध्ये ‘मंजूर ड्रॉइंग’ येते. त्यात मोटार कंपनी भागाची कामगिरी, बाह्य मापे, जोडणीच्या जागा, वजन आणि किमतीची मर्यादा सांगते. सविस्तर रचना पुरवठादार करतो, नमुना तपासून घेतो आणि ड्रॉइंगवर कंपनीची मंजुरी मिळवतो. ड्रॉइंग त्याच्याच मालकीचे राहते. भाग निकामी ठरला तर पहिले उत्तरही त्यालाच द्यावे लागते. ‘सोपवलेले ड्रॉइंग’ असा आणखी एक उपप्रकार आहे. त्यात रचना पुरवठादाराची, पण मालकी मोटार कंपनीची असते. ही कंपनी पुढे तेच ड्रॉइंग दुसऱ्या व्हेंडरकडे (पुरवठादाराकडे) नेऊ शकते. व्यवहारातील पुष्कळसे तंटे याच भेदातून उद्भवतात, म्हणून तो बारकाईने समजून घ्यावा लागतो.

उगम : मंजूर ड्रॉइंगची पद्धत कोठे सुरू झाली याबद्दल एकमत नाही. प्रचलित समजुतीप्रमाणे ती दुसऱ्या महायुद्धानंतरची जपानी निर्मिती आहे. मात्र पुरवठादाराच्या कल्पकतेवर नवे वाहन उभे राहिल्याची उदाहरणे त्याच्या बरीच आधीची आहेत. १९१२ च्या कॅडिलॅकवर आलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को या कंपनीने विकसित केला होता. १९१४ मध्ये डॉज बंधूंच्या मोटारीला संपूर्ण पोलादी बॉडी मिळाली ती एडवर्ड बड यांच्या कारखान्यातून. तथापि या घटना सुट्या होत्या. प्रत्येक नव्या मॉडेलसाठी त्याच रीतीने काम वाटून घेण्याचा शिरस्ता त्यांतून पडला नाही. पुढे अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी रचना आपल्याकडे ओढून घेतली आणि पुरवठादारांना दरवर्षी किमतीच्या लिलावात उभे केले.

जपानमधील उगमाविषयी तीन शक्यता मांडल्या जातात. पहिली, युद्धपूर्व काळातील रेल्वे-इंजिने व विमाने बांधणाऱ्या उद्योगांत अशी वाटणी रूढ होती आणि युद्धानंतर तेथील अभियंते मोटारउद्योगात आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली. दुसरी टोयोटाच्या इतिहासाशी निगडित आहे. चलनवाढ रोखण्याच्या कडक धोरणामुळे टोयोटा आर्थिक पेचात सापडली आणि डिसेंबर १९४९ मध्ये तिने आपला विद्युत-भागांचा विभाग वेगळा केला. त्याची निप्पॉनडेन्सो (आजची डेन्सो) ही कंपनी झाली. विद्युत-भागांचे जाणकार विभागाबरोबर गेले. त्यानंतर टोयोटाला डायनामो किंवा स्टार्टरचे ड्रॉइंग काढता येईना, ते मंजूर करणे एवढेच तिच्या हाती उरले. तिसरी शक्यता १९६० च्या दशकाशी जोडलेली आहे. मोटारींचा खप झपाट्याने वाढला, मॉडेलांची संख्या वाढली, कंपन्यांतील अभियंते अपुरे पडू लागले आणि रचनेचे काम बाहेर सोपवणे भाग पडले.

मोटारउद्योगाचे जपानी अभ्यासक ताकाहिरो फुजिमोतो यांनी पुरवठादारांकडे चौकशी करून या प्रश्नाचा मागोवा घेतला. पद्धतीचा प्रसार १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वाधिक झाला असावा, असे त्यांच्या पाहणीवरून दिसते. त्यामुळे दुसरी शक्यता आरंभाला आणि तिसरी प्रसाराला लागू पडते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रेल्वे-इंजिनांची शक्यता फेटाळता येत नाही, पण तिच्या बाजूचा पुरावा तुलनेने विरळ आहे. या विवेचनातून निघणारा मुद्दा महत्त्वाचा आहे : आज दूरदर्शी धोरण म्हणून शिकवली जाणारी ही पद्धत बऱ्याच अंशी निकडीपोटी जन्मली. तिचे लाभ नंतर ध्यानात आले व त्यानंतर ती जाणीवपूर्वक जोपासली गेली.

परिणाम : हार्वर्डमधील किम क्लार्क आणि फुजिमोतो यांनी १९८० च्या दशकातील २९ मोटार-विकास प्रकल्पांची तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोटार कंपनीने गरज सांगायची आणि सविस्तर रचना पुरवठादाराने करायची, अशा भागांचा खरेदीमूल्यातील वाटा जपानमध्ये सुमारे ६२ टक्के, युरोपात ३९ टक्के व अमेरिकेत १६ टक्के आढळला. नवे वाहन बाजारात आणण्यास जपानी कंपन्यांना सुमारे चार वर्षे लागत, पाश्चात्त्य कंपन्यांना पाच. या तफावतीचा आणि अभियंत्यांच्या वाचलेल्या श्रमतासांचा लक्षणीय भाग पुरवठादार-सहभागाने स्पष्ट होतो, असे क्लार्क यांनी १९८९ मध्येच दाखवले होते.

वेळ वाचतो तो मुख्यतः कामे एकावर एक चढवता आल्याने, म्हणजे एक काम संपण्याआधीच पुढचे सुरू करता आल्याने. डायमेकरला (पत्र्याला आकार देणारे साचे बनवणाऱ्याला) पॅनेलचा आकार अंतिम होण्याआधीच अंदाज मिळाला, तर तो पोलादाचा ठोकळा मागवून ठेवतो, खडबडीत कटाई उरकतो आणि कोणती वळणे प्रेसमध्ये फाटतील हे आधीच सांगतो. हीच सूचना ड्रॉइंग अंतिम होऊन गोठल्यावर आली, तर बदलाचा फेरा सुरू होतो आणि त्याचा खर्च टप्प्यागणिक वाढत जातो. म्हणून पुरवठादाराचे अभियंते महिनोन्‌महिने मोटार कंपनीच्या रचना विभागात बसवण्याची प्रथा जपानमध्ये पडली. त्यांना अतिथी अभियंते म्हणतात. किमतीच्या बाबतीत लक्ष्य-खर्चाची पद्धत याला जोडून येते : गिऱ्हाईक किती मोजेल यावरून वाहनाचा आणि त्यातून प्रत्येक भागाचा खर्च उलट्या दिशेने काढला जातो.

हे परिणाम सर्वत्र सारखे नाहीत. कॅथलीन आयझेनहार्ट व बेहनाम तब्रिझी यांनी संगणक उद्योगातील ७२ प्रकल्प तपासले (१९९५). पुरवठादार-सहभाग, संगणकीय आरेखन आणि टप्पे एकमेकांवर चढवणे या उपायांनी फक्त स्थिरावलेल्या उत्पादनांच्या विकासाला वेग येतो, असे त्यांना आढळले. जेथे तंत्र व बाजार दोन्ही अस्थिर होते, तेथे वारंवार नमुने करून पाहणेच उपयोगी पडले. याउलट, तंत्रज्ञान सर्वस्वी पुरवठादाराकडे असेल तर त्याच्याविना पानही हलत नाही. बॉश आणि डायम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीवर आलेली चाके लॉक होऊ न देणारी ब्रेकप्रणाली (एबीएस) हे त्याचे ठळक उदाहरण.

या विसंगतीचा उलगडा आकिरा ताकेइशी यांच्या अभ्यासातून (२००१–०२) सर्वांत समाधानकारक रीतीने होतो. काम बाहेर दिले तरी ज्ञान बाहेर देऊन चालत नाही, हे त्यांचे सूत्र. नेहमीच्या प्रकल्पांत भाग एकमेकांशी कसे सांधले जातात याची जाण मोटार कंपनीकडे असणे पुरेसे ठरते. भागाच्या अंतरंगाचे ज्ञान पुरवठादाराकडे राहिले तरी बिघडत नाही. तंत्र पुरवठादारालाही नवे असेल, तेव्हा मात्र मोटार कंपनीला भागाच्या अंतरंगाचीही समज लागते. एरवी अनपेक्षित अडचण आली की दोन्ही पक्ष एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. पुरवठादाराला किती लवकर बोलावले, या बहुचर्चित प्रश्नापेक्षा सांध्याचे ज्ञान कोणाकडे आहे हा प्रश्न अधिक निर्णायक दिसतो.

क्रायस्लर व बोइंग : १९८९ च्या सुमारास क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीने लिलावाची जुनी रीत सोडली. पुरवठादार आधी निवडायचा, लक्ष्य-खर्च सांगायचा आणि रचना त्याच्यावर सोपवायची, अशी नवी रीत तिने धरली. खर्चबचतीच्या सूचना पुरवठादारांकडून मागवून लाभ वाटून घेण्याची स्कोअर ही योजनाही याच काळातील. १९९६ पर्यंत पुरवठादारांची संख्या सुमारे २,५०० वरून १,१४० वर आली आणि विकासाचा कालावधी सरासरी २३४ आठवड्यांवरून १६० आठवड्यांच्या जवळ पोहोचला, असे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जेफ्री डायर यांनी नोंदवले आहे. १९९८ मध्ये डायम्लर-बेंझशी विलीनीकरण झाले. क्रायस्लर तोट्यात आल्यावर, १ जानेवारी २००१ पासून सर्व पुरवठादारांनी किमती ५ टक्क्यांनी उतरवाव्यात असे फर्मान निघाले. दहा वर्षे कमावलेला विश्वास त्या एका पत्राने पणाला लागला.

बोइंगच्या ७८७ विमानाचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. पंख मित्सुबिशीकडे, इतर मोठे भाग कावासाकी, फुजी, आलेनिया व व्हॉट यांच्याकडे, अशी सविस्तर रचनेसह वाटणी झाली आणि विकासखर्चाचा भारही भागीदारांवर टाकला गेला. ८ जुलै २००७ रोजी समारंभपूर्वक बाहेर आणलेले पहिले विमान तात्पुरत्या फास्टनरांनी जोडलेले होते. मे २००८ मध्ये अपेक्षित असलेले पहिले विमान ग्राहकाला सप्टेंबर २०११ मध्ये मिळाले. दरम्यान, २००९ मध्ये बोइंगला व्हॉटचा दक्षिण कॅरोलायनातील कारखाना विकत घ्यावा लागला. बाहेर दिलेल्या कामाच्या देखरेखीचा व सांधणीचा बोजा मूळ कंपनीवरच येतो, असा इशारा बोइंगमधीलच अभियंता हार्ट-स्मिथ यांनी २००१ मध्ये दिला होता. नागपूरच्या मिहान क्षेत्रातील टाटांच्या कारखान्यातून ७८७ साठी संमिश्र पदार्थांच्या तळ-तुळया (फ्लोअर-बीम) जात असत. ते काम मात्र निर्मितीचे होते, रचनेच्या वाटणीत त्याचा समावेश होत नाही.

भारत : भारतीय सुट्या भागांच्या उद्योगात पुरवलेल्या ड्रॉइंगची पद्धत दीर्घकाळ प्रबळ होती. परदेशी सहयोगाकडून आलेले ड्रॉइंग, त्याचे देशीकरण आणि सॅम्पल पास करून घेणे, एवढ्यावर व्हेंडर डेव्हलपमेंट थांबे. १९९० च्या दशकात स्वदेशी बनावटीची वाहने आखली जाऊ लागल्यावर चित्र पालटले. इंडिकाची (१९९८) तयारी चालू असताना टाटा समूहाने पुण्यात टाटा ऑटोकॉम्प ही कंपनी स्थापून (१९९५) परदेशी भागनिर्मात्यांशी संयुक्त उपक्रम उभारले. नाशिकमध्ये बनू लागलेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओत (२००२) पुरवठादारांवर संपूर्ण प्रणालींची रचना सोपवली गेली. या वाहनाचा विकासखर्च साडेपाचशे ते सहाशे कोटी रुपयांच्या दरम्यान सांगितला जातो आणि तो जागतिक प्रमाणाच्या मानाने फारच कमी होता. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज परिसरात बजाजच्या आधाराने वाढलेल्या कंपन्यांपैकी एन्ड्युरन्सचा प्रवास ॲल्युमिनियम कास्टिंगपासून सस्पेन्शन व ब्रेक यांच्या रचनेपर्यंत झाला आहे.

सहभागातील जोखीम कोणी पेलायची, हा भारतीय संदर्भातील कळीचा प्रश्न आहे. टाटा नॅनोच्या (२००८) रचनेत बॉशसह अनेक पुरवठादारांनी भाग नव्याने आखले. एकच वायपर हे त्याचे सहज दिसणारे चिन्ह. सिंगूरहून साणंदला प्रकल्प हलला तेव्हा शेजारी उभे राहणारे पुरवठादारही हलले. वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता योजली होती, पण सर्वाधिक वार्षिक विक्री (२०११-१२) सुमारे ७५ हजारांवर थांबली. डाय, फिक्स्चर व ट्रायल यांचा खर्च बहुधा नगामागे वसूल व्हायचा असतो. नगच उचलले गेले नाहीत तर तो व्हेंडरच्या अंगावर पडतो. मोठ्या पुरवठादाराला हा फटका इतर गिऱ्हाइकांवर पसरवता येतो. भोसरी किंवा सातपूरच्या वीस-पंचवीस कामगारांच्या शॉपला ते जमत नाही, आणि सहकार्याच्या करारांत या फरकाची दखल पुरेशी घेतली जात नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ ने देयकासाठी कमाल ४५ दिवसांची मुदत घातली आहे. परंतु ती पुरवलेल्या मालाच्या वा दिलेल्या सेवेच्या देयकाला लागते. विकासाच्या काळात गुंतवलेले श्रम आणि पुढे न आलेली ऑर्डर यांचा निवाडा पूर्णतः खरेदीकराराच्या कलमांवर अवलंबून राहतो.