एपीआय प्रलेखन

एका आज्ञावलीने (प्रोग्रामने) दुसऱ्या आज्ञावलीकडे माहिती कशी मागावी आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, याचे ठरलेले नियम म्हणजे एपीआय. ज्याने मूळ कोड लिहिलेला नाही आणि बहुधा पाहिलेलाही नाही, अशा प्रोग्रामरला हे नियम वापरता येतील अशा रीतीने लिहून ठेवण्याच्या कामास एपीआय प्रलेखन म्हणतात. बोलण्यात त्याला ‘डॉक्युमेंटेशन’ किंवा नुसते ‘डॉक्स’ म्हटले जाते. हे काम कधी प्रोग्रामर स्वतः करतो, तर कधी त्यासाठी नेमलेला तांत्रिक लेखक करतो.

या कामाची अडचण संगणकाच्या बाल्यावस्थेतच ओळखली गेली होती. केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी उपआज्ञावलींचा, म्हणजे इतर आज्ञावलींत पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या तयार तुकड्यांचा, संग्रह उभा करणाऱ्या डेव्हिड व्हीलर यांनी १९५२ मध्ये असे नोंदवले की, उपआज्ञावली लिहून व तपासून झाल्यावरही, तिची आतली रचना ठाऊक नसलेल्यास ती सहज वापरता यावी असे वर्णन लिहिणे बाकी राहते आणि कदाचित तेच सर्वांत कठीण असते. नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्स या संगणक कार्यप्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक आज्ञेच्या पानावर ज्ञात दोषांसाठी वेगळा मथळा होता. हा प्रामाणिकपणा पुढच्या काळात सर्वांनीच पाळला असे नाही. जावा भाषेतील कोडवरून प्रलेखन काढणारे जावाडॉक हे साधन, आणि एपीआयचे वर्णन यंत्राला वाचता येईल असे लिहिण्याचे, पूर्वी स्वॅगर या नावाने ओळखले जाणारे व २०१६ पासून ओपनएपीआय म्हणवले जाणारे मानक, यांमुळे प्रलेखनाचा सांगाडा यंत्राकडून तयार होऊ लागला.

मात्र यंत्र फक्त नाव आणि प्रकार सांगते, अर्थ सांगत नाही. खानदेशातील एक उदाहरण घेतले तर हा फरक स्पष्ट होतो. जळगाव जिल्ह्यातील केळीच्या हवामानाधारित पीकविम्यात भरपाईचा निर्णय महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवरून होतो, आणि हिवाळ्यात किमान तापमान सलग किती दिवस ठरावीक मर्यादेखाली राहिले हे पाहिले जाते. समजा, या नोंदी देणाऱ्या एपीआयमध्ये ‘किमान तापमान’ आणि ‘दिनांक’ असे दोन रकाने आहेत. पहिला अंकी आणि दुसरा तारखेचा, एवढे यंत्राने काढलेले पान सांगेल. केंद्र बंद असताना रकाना रिकामा येतो की शून्य येते, हे त्यात नसते. सावदा-फैजपुरात पारा शून्यावर गेला यावर कोणी शेतकरी विश्वास ठेवणार नाही. आज्ञावली मात्र निमूटपणे ठेवते.

तारखेचा घोळ याहून बारीक आहे. दिनांक जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मोजला जात असेल, तर तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, आणि थंडी सर्वाधिक असते तीही साधारण त्याच सुमारास. त्यामुळे एकाच पहाटेचा गारठा दोन तारखांवर पडू शकतो आणि लागोपाठ दोन थंड पहाटा हिशेबात तीन थंड दिवस होऊन बसतात. अट तीन दिवसांची असेल, तर ती प्रत्यक्षात पूर्ण न होताच पूर्ण झालेली दिसेल. कोडमध्ये चूक नसते, आकडेही खरे असतात; ‘दिनांक भारतीय प्रमाणवेळेनुसार नाही’ हे एक वाक्य तेवढे कोणी लिहिलेले नसते. ते लिहिणे, आणि त्याआधी ते विचारण्याचे सुचणे, हा तांत्रिक लेखकाच्या कामाचा गाभा होय.

एककांच्या बाबतीत खानदेशात सावधगिरी विशेष लागते. शेतकरी कापसाचा भाव क्विंटलवर सांगतो, तर रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) व्यापारी खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोंवर. ‘भाव’ एवढेच नाव असलेला रकाना दोघांनाही आपलाच वाटतो. गावांच्या नावांचेही तसेच आहे. रोमन लिपीत रावेर आणि यावल एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिले जातात, आणि जळगाव म्हणावे तर बुलढाणा जिल्ह्यातही जळगाव जामोद आहे. अशा ठिकाणी नावाऐवजी शासनाने त्या गावाला दिलेला संकेतांक वापरावा, ही सूचना पानाच्या तळाशी नव्हे, पहिल्याच उदाहरणाशेजारी असायला हवी.

चांगल्या प्रलेखनात चालवून पाहिलेली उदाहरणे, त्रुटींचे संकेतांक व त्यांवरचे उपाय आणि आवृत्तीनिहाय बदलांची नोंद असते. ४२९ हा संकेतांक मिळाल्यास ‘विनंत्या जास्त झाल्या’ एवढे सांगून भागत नाही. किती वेळ थांबायचे, हेही सांगावे लागते. लेखक हे सारे स्वतः विनंत्या पाठवून पडताळतो आणि त्या ओघात एपीआयमधलीच विसंगती अनेकदा त्याच्या हाती लागते. एखादी गोष्ट दोन-तीन परिच्छेद लिहूनही नीट सांगता येत नसेल, तर दोष बहुधा लेखनात नसून रचनेत असतो, असे या व्यवसायातील अनुभवी मंडळी मानतात. या कामाचे मोल मोजणे अवघड आहे, कारण त्याचे फळ म्हणजे कोणी न विचारलेले प्रश्न आणि न आलेले फोन. म्हणूनच खर्चकपातीत त्याचा बळी लवकर जातो.

जळगाव, धुळे वा भुसावळात बसून पुण्याच्या चमूसोबत काम करणाऱ्यास शेजारच्या टेबलावर विचारण्याची सोय नसते. त्याच्यासाठी डॉक्स हाच सहकारी. ते बहुधा इंग्रजीत असतात, त्यांवरची चर्चा मात्र मराठीत किंवा अहिराणीत होते आणि ‘रिक्वेस्ट’, ‘टोकन’ हे शब्द तसेच राहतात. त्यांचे ओढूनताणून भाषांतर करण्याची गरज नाही; खुलासा मात्र हवा. कापूस खरेदी केंद्रावर टोकन म्हणजे रांगेतला नंबर. तोच अर्थ मनात धरून आलेला नवशिक्या एपीआयचे टोकन मिळाल्यावर आपली पाळी येण्याची वाट पाहील. म्हणून हे टोकन ओळखपत्रासारखे असून प्रत्येक विनंतीसोबत पाठवायचे आहे, असे तिथल्या तिथे लिहावे लागते.