लेन्स नाही, हवा हलतेय

मे महिन्यातली गोष्ट. मित्राने १००-४०० ची झूम लेन्स घेतली आणि दुसऱ्याच दिवशी, भर अकराच्या उन्हात, नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवरून पलीकडच्या काठावरच्या बगळ्यांचे शे-दीडशे फोटो काढले. संध्याकाळी फोन आला, "फोटो असा काहून येऊन राहिला बे? लेन्सच फसली वाटते."

फोटो पाहिले. बगळे होते, पण ओल्या कागदावर रंग फुटावा तसे. त्यांच्या काड्यांसारख्या पायांना मध्येच बाक आलेला. लेन्स परत करायच्या बेतात होता गडी. म्हटलं, थांब, उद्या साडेपाचला चल.

एवढ्या लांब लेन्सवर आधी संशय येतो तो हातावर, आणि तो बहुधा खरा असतो. ४०० मिमीवर फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला आडवं दिसतं जेमतेम ५ अंश. सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या पट्टीवरचा, एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या वाट्याला येणारा कोन म्हणजे १० मीटरवर धरलेल्या एका जाड केसाची रुंदी. शटर उघडं असताना कॅमेरा तेवढाही वळला की बगळ्याचं पीस शेजारच्या पिक्सेलवर सांडलं. आपण श्वास घेतो, हृदय धडधडतं, बोट बटण दाबतं. केसाच्या हिशेबात हे सगळे भूकंपच.

म्हणून जुन्या मंडळींचा नियम: ४०० मिमी असेल तर शटर निदान १/४०० सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला, पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटसाठी पुरेसा. आता आपण पडद्यावर डोळ्याची बाहुली दिसेपर्यंत फोटो ताणून बघतो, म्हणून मी १/८०० च्या खाली सहसा उतरत नाही. स्टॅबिलायझर असला तर मदत होते. एसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या, आरशाच्या) कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये तो पहिल्यांदा आणला कॅननने, १९९५ साली, ७५-३०० च्या झूममध्ये. लेन्सच्या आत बसवलेले हालचाल टिपणारे सेन्सर हाताची थरथर ओळखतात आणि काचांचा एक गट तिच्या उलट दिशेने सरकवतात. पण तो सावरतो फक्त तुमचा हात, पक्षी नाही. ५० मीटरवरून आडवा उडणारा पक्षी सेकंदाला १० मीटर जात असेल, तर १/१००० सेकंदातही तो १ सेंमी पुढे सरकतो. ४०० मिमीची लेन्स हेच अंतर सेन्सरवर ०.०८ मिमी करून मांडते, म्हणजे २० पिक्सेल! लेन्स पक्ष्याबरोबर फिरवत नेली नाही, तर चोच धूसर येणारच.

पण मित्राच्या फोटोत हे काहीच नव्हतं. शटर १/२००० होतं आणि बगळे पुतळ्यासारखे उभे. हात हलला असता तर अख्खा फोटो एकाच दिशेला ओढला गेला असता. फोकस चुकला असता तर बगळ्याच्या पुढचं किंवा मागचं गवत तरी लख्ख आलं असतं. इथे एक पाय डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे, आणि लगेच पुढच्या फ्रेममध्ये उलटं. हा खेळ हवेचा.

हवेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वळवते याचं माप, १.०००३ च्या आसपास असतो. एका अंशाने तापमान बदललं की त्यात दहा लाखांत साधारण एक एवढा फरक पडतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ कडे झेपावतो, पाळीचे दगड आणि डांबरी रस्ते त्याहून कितीतरी जास्त तापतात, आणि त्यांना लागून तापलेली हवा गोळ्यागोळ्यांनी वर उठते. प्रत्येक गोळा म्हणजे एक ओबडधोबड भिंग. शेकडो मीटरच्या वाटेत अशी किती भिंगं लागतात कोण जाणे! प्रकाशकिरण प्रत्येकातून जरासा वळतो आणि सेन्सरवर भलतीकडेच पोचतो. शटर कितीही वाढवा, वाकडा किरण सरळ होत नाही. फार तर वाकडेपणा गोठतो.

दुर्बिणीतून लांबचं बघणाऱ्यांना हे दुखणं जुनंच. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) घेऊन देशाची मोजणी करणारा विल्यम लॅम्टन १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने रात्री दिवे पेटवून निरीक्षणं घेण्यावर भर दिला, कारण दिवसा तापलेल्या हवेत दूरचं निशाण थाऱ्यावर राहत नसे. आपण मात्र तोच प्रयोग भर अकराला करून दुकानदाराशी भांडायला जातो.

उपाय साधे आहेत, फक्त झोपेच्या मुळावर येणारे. पहाटे जा, जमीन आणि हवा एकाच तापमानाच्या जवळपास असतात तेव्हा. शक्य तेवढं जवळ जा; मोठी लेन्स हा जवळ जाण्याला पर्याय नाही. रस्त्यावरून नेम धरण्यापेक्षा गवतावरून किंवा पाण्यावरून धरा. एसी लावलेल्या गाडीची काच खाली करून लगेच फोटो काढू नका, खिडकीतच थंड आणि गरम हवेची कुस्ती चाललेली असते. पेंचच्या जंगलात जिप्सीत असाल तर इंजिन बंद करायला सांगा आणि लेन्स तांदळाच्या पिशवीवर टेकवा. माझी पिशवी जुन्या जीन्सच्या पायाची आहे, दिसायला भयंकर. लेन्ससमोरचा स्वस्तातला यूव्ही फिल्टर मी काढून ठेवतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८ च्या आसपास पुरतं. एफ/२२ ला, म्हणजे फार बारीक भोकावर, गेलात तर विवर्तनामुळे (भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा प्रत्येक ठिपकाच ३० मायक्रॉनपर्यंत पसरतो. फोकस डोळ्यावर, कारण १० मीटरवर, ४०० मिमी आणि एफ/५.६ ला, नीट दिसणारी खोली सारी वीतभर.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पाळीवर आम्ही दोघे आणि फिरायला आलेले काही काका. तोच काठ, तेच ४०० मिमी. मित्राने तीन फोटो काढले, पडद्यावर मोठे करून पाहिले आणि बराच वेळ गप्प राहिला. बगळ्याच्या पिवळ्या डोळ्याभोवतीची कड मोजता येत होती. साडेआठला पुन्हा तिथूनच काढले, तेव्हा पाय जरा जरा वाकायला लागले होते.