कात्सु करी: कुरकुरीत कवच आणि दाट रस्सा यांचं कसं जमतं?

जपानी कात्सु करीच्या ताटलीत तीन गोष्टी असतात: चिकट भात, दाट तपकिरी रस्सा आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं मांस. जपानमध्ये ते बहुधा डुकराचं असतं, पण चिकनही तितकंच चालतं. कुरकुरीत कवचाचं पाण्याशी वैर, आणि रस्सा म्हणजे बहुतांशी पाणीच. तरीही हा पदार्थ जमतो, आणि त्यामागचं विज्ञान समजलं की तो घरीही छान जमतो.

आधी कवच पाहू. चिकनचा तुकडा ठोकून सगळीकडे सारख्या जाडीचा करावा, म्हणजे कडा वाळून जाईपर्यंत मधला भाग कच्चा राहत नाही. मग मैदा, फेटलेलं अंडं आणि चुरा, याच क्रमाने. मैदा मांसावरचा ओलावा शोषतो, त्यामुळे अंडं घसरत नाही. तेलात अंड्यातली प्रथिनं गोठतात आणि चुरा घट्ट धरून ठेवतात. पांको हा जपानी चुरा ज्या ब्रेडचा करतात, तो अनेक कारखान्यांत भट्टीत भाजतच नाहीत. पिठातून वीजप्रवाह सोडून शिजवतात. त्यामुळे त्याला तपकिरी कड येत नाही आणि चुरा लांबट, सच्छिद्र निघतो. घरी कडा काढलेला ब्रेड जाडसर कुस्करून मंद आचेवर वाळवला तरी काम भागतं. बारीक दळलेला चुरा मात्र नको, कारण त्याचा घट्ट थर बसतो आणि वाफेला वाट उरत नाही.

ही वाफच महत्त्वाची. १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या तेलात चिकन सोडलं की उसळणारे बुडबुडे तेल उकळल्याचे नसतात. ती कवचातल्या पाण्याची वाफ असते. ती जोरात बाहेर पडते तोवर तेलाला आत शिरता येत नाही. तेल मुख्यतः आत जातं ते चिकन बाहेर काढल्यावर. कवच थंड होतं, पोकळ्यांतली वाफ आकसून पुन्हा पाणी होते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर लगेच नीट निथळवावं आणि जाळीवर ठेवावं. कागदावर ठेवलं तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने भिजते. चिकनचा गाभा ७४ अंशांपर्यंत पोचला की पुरे. त्यापुढे मांसातले तंतू आवळून रस बाहेर ढकलत राहतात.

आता रस्सा. करी जपानला मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ब्रिटिशांमार्फत पोचली, आणि मैद्याने दाट करायची रीत तिच्यासोबतच गेली. १९२७ साली टोकियोतल्या नाकामुराया या दुकानात क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. घराघरांत मात्र मैद्याचीच टिकली. मैदा थेट गरम रश्शात टाकला तर गुठळीचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. लोण्यात परतल्यावर पिठाचे कण स्निग्धतेमुळे सुटे होतात आणि नंतर ६०-७० अंशांच्या आसपास एकसारखे फुगतात. मैदा जितका खरपूस तितका सुवास अधिक, पण दाटपणा कमी, कारण उष्णतेने स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात. गडद रंग हवा असेल तर मैदा थोडा जास्त घ्या. करी पावडर शेवटी घाला, ती लवकर करपते. परतलेला कांदा आणि किसलेलं सफरचंद जपानी गोडसरपणा आणतात.

हा दाटपणा नुसता चवीपुरता नाही. पातळ रस्सा कवचाच्या छिद्रांत चटकन शिरतो, दाट रस्सा फार सावकाश. कोरडं कवच काचेसारखं कडक असतं, म्हणून दाताखाली मोडतं. पाणी मुरलं की तेच लवचिक, चिवट होतं. त्यामुळे रस्सा भाताच्या बाजूला वाढावा आणि चिकन कापून भातावर टेकवावं. उरलेलं चिकन मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका: आतल्या पाण्याची वाफ होऊन थेट कवचात मुरते. ओव्हन किंवा एअर फ्रायरची कोरडी, गरम हवा ते पुन्हा कुरकुरीत करते.