अंगठा दाबलेला पाइप आणि ब्लॅक होलचं जेट

परवा पाच दिवसांनी नळ आला (सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको), हौद काठोकाठ भरला म्हणून पाइपनं अंगणात पाणी मारत होतो, तेवढ्यात पुतण्या विचारतो, काका, ब्लॅक होल सगळंच गिळतं तर त्यातनं जेट बाहेर कसं येतं?

अरे, त्यातनं येतच नाही. भोवती गरगरणारा तापलेला गॅस असतो, त्यातला थोडा आत पडायच्या आधीच चुंबकीय क्षेत्रात सापडतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फेकला जातो. पण खरी गंमत पुढं आहे. १९७४ ला फॅनारॉफ आणि रायली या दोन खगोलशास्त्रज्ञांनी ५७ रेडिओ स्रोतांचे (म्हणजे असल्या जेटमुळं रेडिओ लहरी सोडणाऱ्या गॅलक्सींचे) नकाशे पाहिले तर सरळ दोन जाती निघाल्या. दोघांच्या आद्याक्षरांवरनं नावं पडली, एफआर-वन मध्याजवळ उजळ आणि बाहेर फिकट होत जाणारी, एफआर-टू म्हणजे सिग्नस-ए या गॅलक्सीसारखी, जेट बारीक आणि टोकाला लख्ख ठिपके.

पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार सणसणत समोरच्या भिंतीवर आपटते आणि तुषार उलटे आपल्याच अंगावर येतात, हे झालं एफआर-टू, आपटायची जागा म्हणजे हॉटस्पॉट आणि मागं फिरलेला गॅस पसरून झालेले मोठे फुगे म्हणजे लोब. आता तोच पाइप हौदात बुडवा. धार हातभर जाते न् जाते तोच फुगते, मरगळते. कारण तिच्या कडेला घासून भोवरे होतात, ते भोवरे शांत पाणी आत ओढतात, ढकल तेवढीच पण ढकलायचं वजन वाढत चाललेलं, म्हणजे चालत्या ढकलगाडीवर कुणीतरी पोती टाकत सुटल्यासारखं, मग वेग उतरणारच. एफआर-वनचं जेट असंच गॅलक्सीतला गॅस ओढून घेत पहिल्या काही हजार प्रकाशवर्षांतच दमतं.

म्हणजे दुबळं जेट एफआर-वन आणि दणकट ते एफआर-टू? बरीच वर्षं तसंच धरून चालायचे. पण युरोपातल्या लोफार दुर्बिणीला कमी ताकदीच्या एफआर-टू पण भरपूर सापडल्या, त्यातल्या बऱ्याच लहान गॅलक्सीतल्या, जिथं वाटेत अडवायला गॅसच कमी. त्यामुळं नुसता जोर बघून भागत नाही, हौद केवढा तेही बघावं लागतं. अशा गॅलक्सी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतनं पण बघतात, ४५ मीटरच्या ३० डिश आहेत तिथं.

आणि ते 'रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, कॉस्मिक किरणं येणारेत' वालं फॉरवर्ड कृपा करून मला पाठवू नका. एम-८७ या गॅलक्सीचं जेट आपल्यापासून साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, त्याला तुमच्या चार्जिंगशी काही घेणंदेणं नाही.

पुतण्यानं त्याचा फोटो शोधला आणि म्हणाला, काका, हे तर एकाच बाजूला आहे! दुसरंही आहे, पण ते आपल्यापासून लांब पळतंय, आणि एवढ्या वेगात उजेड पुढच्या बाजूलाच एकवटतो, त्यामुळं आपल्याकडं येणारं झगझगीत दिसतं आणि जाणारं जवळजवळ दिसतच नाही.