पार्श्वभूमी : केर्बलमध्ये अवजड यानांचे डॉकिंग, हाताने आणि आपोआप

'केर्बल स्पेस प्रोग्रॅम' या याने बांधून उडवण्याच्या गेममध्ये डॉकिंग, म्हणजे दोन याने अवकाशात एकमेकांना जोडणे, आले ते 0.18 आवृत्तीत, डिसेंबर 2012 मध्ये. त्याआधी दोन याने कक्षेत शेजारी आणता येत, पण जोडता येत नसत. मॅन्युव्हर नोड (पुढचा कक्षाबदल आधी आखायची सोय), वीज आणि मानवरहित याने याच आवृत्तीतली. सगळे एकदम हाती पडल्याने पुढची वर्षभर लोक अवकाशस्थानके बांधत राहिले आणि त्यांच्या आकाराला धरबंध उरला नाही. हाताने की आपोआप हा वाद तिथून सुरू होतो.

प्रत्यक्षातल्या अवकाशातही हे दोन पंथ होतेच. 16 मार्च 1966 रोजी जेमिनी-8 मधल्या अंतराळवीराने हाताने पहिले डॉकिंग केले. 30 ऑक्टोबर 1967 रोजी कॉसमॉस-186 आणि 188 ही सोव्हिएत याने माणसाविना जुळली. 25 जून 1997 रोजी मीर स्थानकावर मालवाहू प्रोग्रेस यान दूरनियंत्रणाने, हाताने जोडण्याची चाचणी चालू असताना ते स्थानकावरच आदळले. यानाचे वजन ठाऊक असणे आणि त्याचा वेग वेळेत मोडता येणे यात किती अंतर असते, हे गेम खेळणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या स्थानकापाशी कळते.

गेमच्या कर्त्यांनी डॉकिंगचा ऑटोपायलट कधीच दिला नाही. त्यांनी दिला तो 'डॉकिंग मोड', आणि या नावाने जितका घोळ घातला तितका दुसऱ्या कशानेच घातला नसेल. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातले ते बटण दाबले की यान आपोआप जुळेल, असे नवख्याला हमखास वाटते. होते एवढेच, की एरवी यान वळवणाऱ्या डब्ल्यू-ए-एस-डी या कळा आता यान सरकवू लागतात, आणि स्पेसबार दाबला की सरकवणे आणि वळवणे यांची अदलाबदल होते. नेहमीच्या मोडमध्ये हाच स्पेसबार पुढचा टप्पा सुरू करतो, म्हणजे यानाचा एखादा भाग सुटा करतो. म्हणजे नेहमीच्या मोडमध्ये परतल्याचे विसरून सवयीने स्पेसबार दाबला, तर बंदरापासून (यान जिथे जुळते त्या डॉकिंग पोर्टपासून) वीस मीटरवर यानाचे दोन तुकडे होतात. म्हणून जुने खेळाडू या मोडला हातही लावत नाहीत. ते साध्या मोडमध्येच राहून डाव्या हाताने यान वळवतात आणि उजव्याने आय-जे-के-एल वापरून सरकवतात. पुढे जायला एच, मागे यायला एन. आय दाबले की यान खाली जाते आणि के दाबले की वर, हे मात्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. या बटणाचे नाव 'सरकवण्याच्या कळा' असे काहीतरी ठेवले असते, तर निम्मे प्रश्न विचारलेच गेले नसते.

त्याहून वादग्रस्त ठरला डिसेंबर 2014 मधला, 0.90 आवृत्तीतला निर्णय. एसएएस म्हणजे यान स्थिर धरणारी यंत्रणा. तिला ठरावीक दिशेकडे तोंड धरून राहण्याची सोय याच आवृत्तीत मिळाली, पण ती वैमानिकाच्या अनुभवाशी बांधली गेली. कोऱ्या वैमानिकाला फक्त स्थिर राहता येते, पहिल्या पातळीवर प्रोग्रेड-रेट्रोग्रेड (गतीची दिशा आणि तिच्या उलटी) मिळतात, आणि 'लक्ष्याकडे तोंड' ही डॉकिंगला सर्वात उपयोगी सोय तिसऱ्या पातळीवर. खेळात प्रगतीची गोडी राहावी हा हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम उलटा झाला: ज्याला मदतीची गरज सर्वात जास्त, त्यालाच ती मिळेना. सँडबॉक्स या मोकळ्या खेळप्रकारात ही अट नाही, त्यामुळे अडचण टप्प्याटप्प्याने प्रगती करायचा करिअर प्रकार खेळणाऱ्यांचीच. त्यावरचा उपाय मात्र स्वस्त निघाला. मानवरहित यानांचे महागडे मेंदू, उदाहरणार्थ आरसी-001एस, या सगळ्या दिशा जात्याच ओळखतात. तसा एक भाग स्थानकात बसवला की वैमानिक कोरा असला तरी चालते.

या सोयीमुळे हाताने डॉकिंग करण्याची रीतच बदलली. आता पद्धत अशी: नेव्हबॉल (पडद्यावरचा दिशा दाखवणारा गोल) 'टार्गेट'वर ठेवून शंभरेक मीटरवर सापेक्ष वेग शून्य करायचा. आपल्या बंदरावर उजवी क्लिक करून 'इथून नियंत्रण', समोरच्यावर 'लक्ष्य ठरवा'. मग समोरच्या यानात जाऊन तिथेही हेच करायचे आणि त्याला आपल्या बंदराकडे तोंड धरायला लावायचे. दोघे एकमेकांकडे बघत राहिले की उरते फक्त सरकवणे. वेगाची खूण लक्ष्याच्या खुणेवर आणून ठेवायची, ती घसरेल तशी कळ टिचकीने दाबायची, आणि शेवटचे दहा मीटर सेकंदाला 0.2 ते 0.3 मीटरने जायचे. अर्ध्या मीटरच्या आत चुंबक ओढू लागतो. तिथे दोन्ही बंदरे थरथरत राहिली, तर एसएएस बंद करावा. तोच चुंबकाशी भांडत असतो.

अवजड यानात हीच रीत अडखळते. यान 60 मीटर लांब असून बंदर टोकाला, म्हणजे गुरुत्वमध्यापासून 30 मीटरवर असेल, तर सेकंदाला एक अंश इतक्या संथ फिरण्यानेही ते टोक सेकंदाला अर्ध्या मीटरहून वेगाने बाजूला जाते, म्हणजे जवळ येण्याच्या वेगापेक्षा जास्तच. आणि 200 टनांच्या यानावर एकावेळी प्रत्येकी 1 किलोन्यूटनचे चारच थ्रस्टर (यान सरकवणारी छोटी इंजिने) जोर देत असतील, तर सेकंदाला 1 मीटरचा वेग मोडायला 50 सेकंद लागतात, तोवर यान 25 मीटर पुढे गेलेले असते. खर्चही हिशेबात धरावा: एवढ्या वेगबदलाला सुमारे 21 युनिट मोनोप्रोपेलंट, म्हणजे या थ्रस्टरचे इंधन, जाते, वेग घेताना एकदा आणि मोडताना पुन्हा. 120 युनिटची एक टाकी अशा तीन खेपाही पुरत नाही. म्हणून मोठ्या यानाला व्हर्नर थ्रस्टर बरे. ते 12 किलोन्यूटनचे असून मुख्य टाकीतलेच इंधन वापरतात. किंवा सरळ लहान यान हलवावे आणि मोठ्याला फक्त तोंड धरून ठेवू द्यावे.

आपोआप डॉकिंग मिळाले ते बाहेरून, मेकजेब या मॉडमधून, म्हणजे गेमला बाहेरच्यांनी जोडलेल्या भरीतून. ही फसवणूक का, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. दहावे इंधनयान जोडणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही. पण मेकजेब बिघडतो कुठे, हे आधी माहीत हवे. थ्रस्टर गुरुत्वमध्याभोवती समतोल नसले, की तो सरकवायला जातो आणि यान वळते; वळण सावरायला पुन्हा इंधन, आणि मोनोप्रोपेलंट संपेपर्यंत हा लंबक चालूच. टाक्या रिकाम्या होताना गुरुत्वमध्य सरकतो, त्यामुळे प्रक्षेपणाआधी जुळवलेला समतोल कक्षेत टिकेलच असे नाही. मेकजेबची वेगमर्यादा जड यानासाठी मुद्दाम खाली आणावी लागते, आणि 'इथून नियंत्रण' न केल्यास तो यानाचे भलतेच टोक बंदराकडे नेतो. हाताने करणाऱ्याला ही चूक लगेच दिसते, यंत्राला दिसत नाही.

काही चुकांवर दोन्ही मार्गांत इलाज नाही. 0.625, 1.25 आणि 2.5 मीटरची बंदरे एकमेकांत बसत नाहीत. कार्यशाळेत उलटे लावलेले बंदर बाहेरून ठीकच दिसते, कधीच जुळत नाही. आणि सुटल्यावर पुन्हा जोडायचे असेल, तर आधी मीटरभर तरी लांब जावे लागते, नाहीतर चुंबक जागा होत नाही.

जुळल्यानंतरचे डुगडुगणे हा वेगळा त्रास. 1.2 आवृत्तीत, ऑक्टोबर 2016 मध्ये, ऑटोस्ट्रट आले, म्हणजे यानाचे भाग एकमेकांशी आपोआप घट्ट बांधणारे अदृश्य आधार. 'सर्वात जड भागाशी बांधा' हा पर्याय स्थानकांना घातक ठरला, कारण डॉकिंग होताच सर्वात जड भाग पलीकडच्या यानात असू शकतो आणि बांधणी अचानक बदलून सगळे थडथडते. 'आजोबा भागाशी', म्हणजे ज्या भागावर हा भाग बसला आहे त्याच्याही आधीच्या भागाशी, हा पर्याय तिथे शहाणपणाचा.

जून 2021 मधल्या 1.12 ने जुळलेली बंदरे फिरवण्याची सोय दिली. तोवर रोल (यानाचे स्वतःच्या लांबीभोवतीचे वळण) काही अंशांनी चुकला आणि सौरपंख शेजारच्या पंखात घुसला, की सोडवून, मागे येऊन सगळे पुन्हा करावे लागे.